वारली चित्रकला शिकायला सुरुवात करतोयस? मग आधी एवढं बघ

मस्त, कर सुरू! तारप्याचा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाच, शेत, झाडं, बैल यांपासून कर, दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस झाला, पण हात बसायला वेळ लागतो, घाई नको.

नवीन लोक हमखास चुकतात ते चौकाच्या, म्हणजे लग्नातल्या देवीच्या चौकोनी चित्राच्या बाबतीत. पिंटरेस्टवर सुंदर दिसला म्हणून पालघाट देवीचा चौक कॉपी करून कुशनवर काढतात (हो, कुशनवर!). तो लग्नात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाणी म्हणते, म्हणजे ती पूजाच आहे, डिझाईन नाही. तो सध्या सोडूनच दे.

आणि हे :
- स्वतःच्या चित्राला 'ओरिजिनल वारली' म्हणून विकू नकोस, २०१४ पासून या कलेला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. 'वारली शैलीत' म्हण.
- जमलं तर डहाणू-जव्हारकडच्या वारली कलाकाराकडूनच शिक, फी देऊन.

वारली समाजातल्याच जिव्या सोमा मशेंनी हीच कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ ला पद्मश्री मिळाली, मग विकणं चूक कसं असं तू विचारशीलच. पण काय बाहेर न्यायचं ते घरच्याने ठरवणं वेगळं आणि आपण ठरवणं वेगळं. कॉपीराइट वगैरे नंतर बोलू, आधी गेरू आणि पांढरा रंग आण.