संस्थेच्या वेबसाइटसाठी वर्डप्रेस, जूमला की ड्रुपल? चुकलं तर नंतर बदलता येतं का?

तुम्ही लिहिलंय की संस्थेची वेबसाइट करायची आहे, वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल यांतलं कोणतं सीएमएस (साइटचा मजकूर भरायची आणि सांभाळायची प्रणाली) घ्यावं ते कळत नाही, तुम्ही स्वतः प्रोग्रॅमर नाही, आणि डेव्हलपर म्हणतोय, ‘कुठलंही सीएमएस घ्या, नंतर बदलता येतं.’ कोणतं घ्यावं हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसले ती त्या शेवटच्या वाक्यामुळे. हेच वाक्य आमच्याकडे एका मीटिंगमध्ये बोललं गेलं होतं, आणि ते ‘नंतर’ उजाडलं तेव्हा निस्तरायला मी होते. बोलणारे दुसऱ्या कामात होते.

बदलता सगळंच येतं. रंगरूप बदलता येतं, होस्टिंग बदलता येतं, सीएमएससुद्धा बदलता येतं. पण मजकूर आत कसा साठवलाय हे एकदा घट्ट झालं की बटण दाबून सुटत नाही, हाताने सोडवावं लागतं.

आमची संस्था व्याख्यानं भरवते. मी संपादनाचं काम बघते, म्हणजे कार्यक्रमाची माहिती साइटवर चढवायची, रेकॉर्डिंग जोडायचं, आणि कुणी जुनं काही विचारलं की शोधून द्यायचं. साइट नव्याने करायचं ठरलं तेव्हा मी मीटिंगला एक कागद घेऊन गेले होते. त्यावर व्याख्यानाचे रकाने लिहिले होते: विषय, वक्ता, तारीख, ठिकाण, रेकॉर्डिंग, आणि कार्यक्रम झाला, पुढे ढकलला की रद्द झाला ते. वक्त्यांची यादी वेगळी. वक्त्याचं नाव एकदाच लिहायचं आणि व्याख्यानाला नुसतं जोडायचं, म्हणजे पुढे ‘यांची सगळी व्याख्यानं दाखवा’ म्हटलं की आपोआप यादी निघेल. ड्रुपलमध्ये हे अ‍ॅडमिनमध्ये बसून, कोड न लिहिता करता येतं, ड्रुपल ७ पासून म्हणजे २०११ पासून रकान्यांची सोय त्याच्या गाभ्यातच आहे, म्हणून मी ड्रुपल म्हटलं होतं.

आमचे सर म्हणाले, “अहो मॅडम, तारीख मजकुरात दिसतेच ना? लोकांना वाचता आली म्हणजे झालं.” डेव्हलपर म्हणाला, वर्डप्रेसवर पेज बिल्डर टाकून देतो, तुम्ही फक्त उचलायचं आणि हवं तिथे सोडायचं. त्याने डेमो दाखवला. सगळे खूश. डेमोत पान एकच होतं, त्यामुळे न आवडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. कागदाचं काय, विचारलं तर, “नंतर बदलू की.”

मग सुरू झालं. प्रत्येक व्याख्यान म्हणजे एक सुटं पान. नवीन कार्यक्रम आला की जुन्या पानाची डुप्लिकेट काढायची आणि वरचा मजकूर खोडून नवा लिहायचा. एकाच वक्त्याचं नाव कुठे ‘डॉ.’ लावून, कुठे नुसती आद्याक्षरं, कुठे आडनाव आधी. तारीख कधी ‘१२ मार्च’, कधी ‘१२/३’, कधी ‘येत्या शनिवारी’. हे ‘येत्या शनिवारी’ चार वर्षांनी वाचून बघा. आणि कधी कधी तर पानावर मजकूरच नाही, पोस्टरचं चित्र चिकटवलेलं. तारीख, वेळ, विषय सगळं त्या चित्रात. शोधून सापडणार कसं?

कार्यक्रम रद्द झाला तर काय करायचं याचा रकाना नव्हता. मग कुणीतरी पद्धत पाडली: रद्द असेल तर तारीख लाल अक्षरांत करायची. सगळ्यांना कळायचं. दिसायलाही बरं दिसायचं. हा लाल रंग पुढे महागात पडला.

काही वर्षांनी वरून मागणी आली की व्याख्यानं वर्षाप्रमाणे आणि वक्त्याप्रमाणे शोधता यायला हवीत, आणि त्यासाठी साइट नवीन हवी. म्हणजे माझा तोच कागद, फक्त दुसऱ्याच्या तोंडून. सर म्हणाले, “एक्सपोर्ट करा आणि इम्पोर्ट करा, वर्डप्रेसमध्ये सोय असते.” असते ना. टूल्समध्ये जाऊन एक्सपोर्ट दाबलं की एक्सएमएल फाइल मिळते. ती मी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. एका व्याख्यानाच्या नोंदीत आधी चौकटी कंसांचा ढीग: ओळ सुरू, स्तंभ सुरू, वर तीस पिक्सेल जागा, पार्श्वभूमीचा रंग अमुक, अ‍ॅनिमेशन डावीकडून. मग माझी दोन वाक्यं. मग सगळे कंस उलट्या क्रमाने बंद. पेज बिल्डर काढून टाकला की हे कंस तसेच्या तसे पानावर उमटतात, कारण त्यांचा अर्थ फक्त त्या बिल्डरलाच कळतो. आणि चित्रं त्या फाइलमध्ये नसतातच, त्यांचे पत्ते असतात. जुनी साइट चालू असेपर्यंतच नवी साइट ती ओढून घेऊ शकते. ती आधी बंद केलीत तर बसा.

डेव्हलपरने स्क्रिप्ट लिहून कंस काढले. छान, स्वच्छ मजकूर आला. कंसांबरोबर रंगही गेले. रद्द झालेली सगळी व्याख्यानं जिवंत झाली. साइटवर यादी लागली आणि एका गृहस्थांचा फोन आला, अमुक व्याख्यानाचं रेकॉर्डिंग कुठे मिळेल म्हणून. ते व्याख्यान झालंच नव्हतं. मी त्यांना हे सांगितलं तर ते माझ्याशीच वाद घालायला लागले, साइटवर तारखेसकट लिहिलंय म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

मग मी जुन्या साइटची बॅकअप प्रत एका खिडकीत, नवी दुसऱ्या खिडकीत, असं पान न् पान लावून बसले. पोस्टरमधल्या तारखा हाताने टाइप केल्या. त्या काळात मला कुणी ‘एवढं काय त्यात’ म्हटलं असतं तर काही खरं नव्हतं.

तारखेचीही एक गंमत सांगते, कारण तुमचंही घोडं इथेच अडेल. वर्डप्रेसमध्ये असा जादाचा रकाना केला की त्याची किंमत पोस्टमेटा नावाच्या तक्त्यात निव्वळ मजकूर म्हणून जाते. तारीख असो, आकडा असो, डेटाबेसच्या दृष्टीने ती अक्षरं. डेव्हलपरने दिवस आधी आणि महिना नंतर अशी तारीख ठेवली. क्रमाने लावल्यावर ०१-०७ आधी आणि ०२-०१ नंतर, म्हणजे जुलैचं व्याख्यान जानेवारीच्या डोक्यावर. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ठेवली की मजकूर म्हणूनसुद्धा बरोबर लागते. एवढी साधी गोष्ट. माझ्या कागदावर ती होती. (हो, कागद अजून जपून ठेवलाय.)

आता तुमचा प्रश्न. तुम्ही प्रोग्रॅमर नसाल आणि विशेष गुंतागुंत नसेल तर वर्डप्रेस घ्या. २००३ पासून आहे, जगातल्या पाचांतल्या दोनांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, त्यामुळे एक डेव्हलपर पळाला तर दुसरा मिळतो. हे कारण फार मोठं आहे आणि लोक ते बोलायला लाजतात. माझं भांडण वर्डप्रेसशी नव्हतं आणि नाही. २०१० च्या ३.० आवृत्तीपासून त्यात ‘कस्टम पोस्ट टाइप’ आहेत. व्याख्यान हा वेगळा प्रकार, वक्ते ही वेगळी वर्गवारी, हे सगळं त्यात बसतं. आमची नवी साइटसुद्धा वर्डप्रेसवरच आहे आणि व्यवस्थित चालते. फक्त डेव्हलपरला सांगा की हे प्रकार थीमच्या, म्हणजे रंगरूपाच्या, फाइलमध्ये लिहू नको, वेगळ्या छोट्या प्लगिनमध्ये, म्हणजे वरून जोडायच्या जादा तुकड्यात, लिही. थीममध्ये लिहिले आणि उद्या थीम बदलली तर अ‍ॅडमिनमधून सगळी व्याख्यानं गायब होतात. डेटाबेसमध्ये असतात, पण तुमच्या काळजाचा ठोका चुकायचा तो चुकतोच. आणि पेज बिल्डर वापरायचाच असेल तर मुखपृष्ठापुरता. जिथे नोंदी साठणार आहेत तिथे त्याला शिरू देऊ नका. हल्ली, म्हणजे २०१८ अखेरच्या ५.० पासून, वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर आहे. सजावटीची हौस त्यावर भागते.

मजकुराचे प्रकार बरेच असतील, ते एकमेकांशी जोडलेले असतील, कोण काय संपादित करू शकतो याचे नियम काटेकोर असतील, तर ड्रुपल. पण मग ड्रुपल जाणणारा माणूस कायमचा हाताशी हवा. एकापेक्षा जास्त भाषांत साइट करायची असेल तर जूमलाचाही विचार करा, भाषांची सोय त्यात मुळातच आहे, वर्डप्रेसमध्ये त्यासाठी प्लगिन लागतं.

थोडं ड्रुपलच्या विरोधातही लिहिते, नाहीतर आमचे सर हे वाचून म्हणतील की मॅडमनी एकच बाजू मांडली. ड्रुपल ७ वरून ८ वर जाणं हे अपग्रेड नव्हतं, घर पाडून पुन्हा बांधणं होतं. आतली रचनाच बदलली होती. त्यामुळे पुष्कळ साइट ७ वरच बसून राहिल्या आणि ७ ला मिळणारा अधिकृत आधार, म्हणजे दुरुस्त्या, मुदतवाढी घेत घेत शेवटी ५ जानेवारी २०२५ ला संपला. त्याआधी ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच ७ मध्ये सुरक्षेचं एक भयंकर भोक सापडलं होतं. दुरुस्ती जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी ती बसवली नाही त्यांनी आपली साइट फोडली गेली असंच धरून चालावं, असं खुद्द ड्रुपलच्या सुरक्षा गटाने नंतर सांगितलं. सात तास! तुमच्या संस्थेत सात तासांत कुणी ईमेल तरी उघडतं का? वर्डप्रेस २०१३ च्या ३.७ पासून छोटे सुरक्षा अपडेट स्वतःच बसवून घेतं, हा त्याचा मोठा गुण.

आणि वर्डप्रेसवाल्यांनीही फार निर्धास्त राहू नये. जादाच्या रकान्यांसाठी सगळे जे एसीएफ प्लगिन वापरतात, त्याचं पान ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्डप्रेस डॉट ऑर्गने (प्लगिन जिथून घेतात त्या साइटने) ते प्लगिन बनवणाऱ्या कंपनीशी भांडण झालं म्हणून ताब्यात घेतलं आणि तिथे वेगळ्या नावाने आपली आवृत्ती ठेवली. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ते परत गेलं. तोवर खालच्या साइटवाल्यांनी नुसतं बघत बसायचं.

म्हणून माझा हट्ट असा की काम देण्याआधी डेव्हलपरकडून एक गोष्ट समोर बसून करून घ्या. तुमच्या नेहमीच्या कामातली एक नोंद, जमल्यास रद्द झालेली किंवा दोन वक्ते असलेली, त्याच्या डेमोत भरा. ती बाहेर काढा. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. तारीख तारखेच्या जागी, नाव नावाच्या जागी सापडलं तर पुढे जा. कंसांचं जंगल दिसलं तर तिथेच थांबा, मग डेमो कितीही देखणा असो. याला अर्धा तास लागतो. आमच्या मीटिंगमध्ये तेवढा वेळ कुणाकडे नव्हता; स्लायडरमध्ये चित्रं किती सेकंदांनी सरकावीत यावर मात्र चर्चा रंगली होती.

नोंद भरायला ज्याला उद्या रोज बसायचंय त्यालाच त्या डेमोला बसवा, साहेबांना नव्हे. साहेब साइट बघतात, वापरत नाहीत. हे मी सरांना तोंडावर म्हटलंय, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, डेव्हलपरच्या नाही. जुन्या पानांचे पत्ते बदलणार असतील तर ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेणारी सोय) लावून घ्या, नाहीतर छापील पत्रिकांवरच्या लिंक मेल्या म्हणून समजा. डोमेन बदलताना डेटाबेसमध्ये सरसकट ‘शोधा आणि बदला’ कुणाला करू देऊ नका. वर्डप्रेस काही माहिती अक्षरांच्या संख्येसकट बांधून ठेवतं, पत्त्याची लांबी बदलली की ती वाचताच येत नाही आणि विजेट (बाजूच्या छोट्या चौकटी) गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या (आज्ञा टाइप करून वर्डप्रेस चालवायच्या) साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा हे नीट सांभाळते.

हे सगळं साठत जाणाऱ्या मजकुराबद्दल झालं. तुमच्या संस्थेची साइट म्हणजे ओळख, पत्ता, फोटो आणि संपर्क एवढीच चार-पाच पानं असतील आणि ती वर्षातून एकदा बदलत असतील, तर वरचं सगळं विसरा. तुम्हाला सीएमएस लागतच नाही. साधी एचटीएमएल पानं करून घ्या, फोडायला त्यात काही नसतं. साइटवर नेमकं काय आणि किती वेळा चढणार आहे हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. ते लिहिलंत तर आणखी सांगता येईल.