चांदी दाढेत असली तर असू द्या, पिवळ्या पिशवीत नको

आपल्याकडे ‘दाढेत चांदी भरली’ म्हणतात ना, त्या चांदीत वजनाने निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबं. डॉक्टर लोक तिला अमाल्गम म्हणतात. मागच्या खेपेला या सदरात मी तिच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, तर पेशंटांपेक्षा दवाखान्यांतूनच जास्त पत्रं आली. त्यातली काही घेतो.

जुनी चांदी उकरून काढली की तिचे तुकडे कापसासोबत पिवळ्या पिशवीत टाकतो. बायोमेडिकल कचऱ्याची गाडी येऊन घेऊन जाते. यात चूक काय? (दंतवैद्य, दारव्हा)

सर, चूक तुमच्या एकट्याची नाही. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. पिवळी पिशवी जाते भट्टीत. भट्टीच्या पहिल्या कप्प्यात किमान ८०० अंश आणि दुसऱ्यात १०५० अंशांच्या आसपास तापमान ठेवावं लागतं, आणि पारा उकळतो ३५७ अंशांना. म्हणजे कापूस जळून राख होतो, पारा मात्र वाफ होऊन धुराड्यातून वर जातो. तो पुढे पावसासोबत कुठेतरी उतरतो. तळ्याच्या गाळात पोचला की तिथले जिवाणू त्याचं मिथाइल पारा नावाचं रूप करतात. ते माशांत साठतं, आणि लहान माशापेक्षा मोठ्या माशात जास्त. पूर्व विदर्भातल्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या, जुन्या मालगुजारी तलावांची मासळी कोण खातं हे तुम्हाला मी सांगायला नको. जपानात मिनामाताला १९५६ साली जो आजार उघडकीला आला, तो याच मिथाइल पाऱ्याचा. तिथे तो एका कारखान्याच्या सांडपाण्यातून आला होता, दातांतून नव्हे, पण माशातून माणसात शिरायची वाट हीच.

लाल पिशवीतही टाकू नका. ती ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, जाते. तिथेही उष्णताच.

मग करायचं काय? रुंद तोंडाची, घट्ट फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची बरणी घ्या आणि तिच्यावर ‘अमाल्गम कचरा, पारा आहे’ असं मराठीत ठळक लिहा. उरलेलं, तोंडात न गेलेलं अमाल्गम एका बरणीत. तोंडातून निघालेले तुकडे, खुर्चीजवळच्या सक्शनच्या (तोंडातलं पाणी ओढणाऱ्या नळीच्या) जाळीत अडकलेला चुरा आणि चांदीसकट उपटलेले दात दुसरीत. अमाल्गम ज्यांत तयार होतं त्या वापरलेल्या कॅप्सूलची टरफलंही बंद डब्यातच, कारण त्यांना आतून पारा चिकटलेला असतो. बरणी स्टरिलायझरजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत नको.

आता खरी अडचण. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे आणि घातक कचऱ्याचेही २०१६ चेच, त्यामुळे सगळ्यांचा घोळ होतो. पारा दुसऱ्या नियमांत मोडतो. पिशव्यांची गाडी वेगळी, हा माल वेगळा. विदर्भात घातक कचऱ्याची सामायिक व्यवस्था बुटीबोरीला आहे. ९० दिवसांपर्यंत माल स्वतःकडे ठेवता येतो, आणि थोडाच कचरा करणाऱ्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. पण महिन्याला चार-सहा ग्रॅम निघणाऱ्या दवाखान्यासाठी दारव्ह्यापर्यंत गाडी कोण पाठवेल? म्हणून एकट्याने फोन करत बसू नका. दारव्हा, दिग्रस, नेर, पुसद असे दहा-बारा जण मिळून एक अर्ज करा. तुमच्याकडचं काम मंडळाच्या अमरावतीच्या प्रादेशिक कार्यालयाकडे येतं. बरणी एसटीत घेऊन बुटीबोरीला जायचा विचार मात्र सोडा. हा माल परवानाधारक वाहनातून, कागदपत्रांसहच हलवायचा असतो.

मी दवाखान्यात मदतनीस आहे. खलबत्त्यात पारा घोटून देते. मला दिवस गेलेत, आता दुसरा महिना लागला. सर म्हणतात काही होत नाही. खरं काय? (मोर्शी)

ताई, आजपासून खलबत्त्याला हात लावू नका. सरांना हे पत्र दाखवा, माझं नाव सांगा.

घोटताना पाऱ्याची वाफ निघते. ती ना दिसते, ना तिला वास येतो. श्वासातून रक्तात उतरते आणि गर्भापर्यंत पोचते. घाबरून जाऊ नका, आजवर केलं म्हणून बाळाला काही झालंच असं होत नाही. पण तुमच्या बाईडॉक्टरांना हे काम करता असं स्पष्ट सांगा. गरज वाटली तर त्या लघवीतल्या पाऱ्याची तपासणी सांगतील.

सरांसाठी दोन ओळी. सुटा पारा आणि खलबत्ता हा प्रकारच आता मोडीत निघाला आहे. पाऱ्याचा वापर कमी करायचा जो आंतरराष्ट्रीय मिनामाता करार आहे, त्यात २०२२ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार दंतवैद्याने सुटा पारा वापरायचाच नाही, बंद कॅप्सूल वापरायची. आणि पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांना चांदी भरू नये, असंही त्यातच आहे. भारत या करारात २०१८ पासून आहे.

आम्ही शिकत होतो तेव्हा जास्तीचा पारा मलमलीच्या फडक्यातून उघड्या अंगठ्याने पिळायचो. थेंब फरशीवर पळायचे, त्यांच्यामागे आम्ही पळायचो. एकदा माझी सोन्याची अंगठी पाऱ्याने पांढरी पडली, तर सगळा वर्ग हसला. तेव्हा हे विष आहे असं आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

पाऱ्याची बाटली हातून पडली. शहाबादी फरशीच्या सांध्यांत थेंब गेले. झाडून घेतलं, तरी चमकतात. बाहेर ४५ डिग्री आणि आत कूलर चालू. आता? (आर्वी)

झाडू फिरवला हीच मोठी गडबड झाली. झाडूने एका थेंबाचे शंभर होतात आणि झाडूही कामातून जातो. व्हॅक्यूम क्लीनर तर याहून वाईट.

आधी कूलर आणि पंखा बंद करा, नाहीतर वाफ सगळ्या खोल्यांत फिरेल. बाहेरची खिडकी उघडा, आतलं दार लावा, पोरांना बाहेर काढा. उन्हाळ्याचं गणित लक्षात घ्या. २० अंशांना पाऱ्याच्या वाफेचा जो दाब असतो, तो ४० अंशांना जवळजवळ पाचपट होतो. जे हिवाळ्यात खपून जातं ते वैशाखात खपत नाही.

हातातलं-बोटातलं सोनं काढा, हातमोजे घाला. टॉर्च फरशीला लावून आडवा धरा, म्हणजे थेंब दिसतील. दोन जाड कार्डांनी ते एकत्र लोटा आणि सुई काढलेल्या सिरिंजने ओढून झाकणाच्या बाटलीत टाका. बारीक कण चिकटपट्टीने टिपा. सांध्यांत गंधकाची भुकटी भरा. कृषी केंद्रात मिळते, फवारणीच्या हंगामात तुमच्या घरीही असेल. गंधक पाऱ्याला धरतं आणि वाफ दबते. दुसऱ्या दिवशी ओल्या कागदाने भुकटी उचला. ती भुकटी, तो कागद, हातमोजे, चिकटपट्टी आणि तो झाडूसुद्धा घट्ट बांधून पाऱ्याच्याच कचऱ्यात. बेसिनमध्ये काही धुवायचं नाही.

आमच्या गावात गटार नाही. दवाखान्याचं पाणी शोषखड्ड्यात जातं आणि वीस पावलांवर विहीर आहे. चालेल का? (मूल, जि. चंद्रपूर)

नाही चालणार. शहरात निदान पुढे कुठेतरी सांडपाणी प्रक्रिया असते, तुमच्याकडे खड्ड्याखाली थेट जमीन आहे.

अमाल्गमचा चुरा जड असतो, तळाला बसतो, म्हणून तो अडवता येतो. खुर्चीजवळची जाळी रोज बघा आणि बरणीत झटका, नळाखाली धुऊ नका. जमलं तर सेपरेटर, म्हणजे पाण्यातून अमाल्गम वेगळं करणारं यंत्र, बसवा. आयएसओ १११४३ या मानकाचा सेपरेटर किमान ९५ टक्के अमाल्गम पकडतो. बरेच जण एक गोष्ट विसरतात: सक्शनची नळी ब्लीचने साफ करू नका. क्लोरीनमुळे बसलेल्या चुऱ्यातला पारा सुटून पाण्यात उतरतो, मग कितीही चांगला सेपरेटर असो, तो पुढे निघून जातो. क्लोरीन नसलेलं, आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असं क्लीनर मागा.

ओळखीचे सोनार म्हणतात, अमाल्गमचे तुकडे आणा, आटवून चांदी काढून देतो. (ब्रह्मपुरी)

देऊ नका. चांदी आहे त्यात, खोटं नाही. पण ती आटवताना सगळा पारा त्यांच्या दुकानाच्या हवेत जाईल. दहा बाय दहाची खोली, मागे घर, पोरं तिथेच अभ्यासाला बसलेली. भंगारवाल्यालाही देऊ नका, तो शेवटी सोनाराकडेच जातो.

माझ्या आईच्या पाच दाढांत चांदी आहे. व्हॉट्सॲपवर आलं की हे विष आहे, काढून टाका. काढू का? (शिक्षिका, तिरोडा)

चांदी चांगली बसली असेल, कडेने कीड नसेल, दुखत नसेल तर राहू द्या. चावताना थोडी वाफ निघते, पण सर्वात जास्त पारा सुटतो तो ड्रिलने चांदी खोदताना. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२० साली, ठीक असलेली चांदी उगाच काढू नका असंच सांगितलं. बदलायची वेळ आलीच, तर रबर डॅम (दाताभोवती ताणायचा रबरी पडदा) लावून, भरपूर पाणी आणि जोराचं सक्शन ठेवून काढणाऱ्याकडे जा.

चांदी बंद होणार म्हणतात. मग या सगळ्या उठाठेवीचा उपयोग काय? (दंतवैद्य, वरूड)

युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून थांबवलीच. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाला करारातल्या देशांनी २०३४ ची मुदत ठरवली. तुम्ही आजही लहान मुलांना ग्लास आयोनोमर आणि मोठ्यांना कंपोझिट ही बिनपाऱ्याची भरणं वापरू शकता, बहुतेक जण वापरतातच. पण ऐंशी-नव्वदच्या दशकात आपण भरलेली चांदी अजून लोकांच्या तोंडात आहे. ती फुटेल, दाढ कीडेल, दात उपटावा लागेल. भरणं थांबलं तरी काढणं पुढची वीस-तीस वर्षं चालेल, आणि ते तुकडे तुमच्याच ट्रेमध्ये पडतील.

उपटलेली दाढ आजोबांना घरी न्यायची आहे, तिच्यात चांदी आहे. देऊ का? (धारणी)

द्या. माणसाची दाढ त्याचीच. झाकणाच्या छोट्या डबीत घालून द्या आणि चुलीत टाकू नका, पोरांना खेळायला देऊ नका, एवढं बजावा. दुधाचा दात कौलांवर फेकायची रीत आहे, तीही या दाढेला लावू नका म्हणावं. माझ्याकडच्या एका आजोबांनी तसं केलं, आणि पावसाळ्यात ती दाढ पन्हाळीतून घरंगळत सुनेच्या पाण्याच्या हंड्यात आली.