टेकअवे काढायचंय ना, मग आधी डब्याचा विचार कर

अरे,

मेनू पोचला, वाचला. चार पानं आहेत रे! ग्रीन करी, रेड करी, पॅड थाई, फो, लाक्सा, नासी गोरेंग, खाऊ स्वे, बान्ह मी, सोम ताम, आणि शेवटी डिमसम, जे मुळात चिनी आहे पण असो, आपल्याकडे एशियन म्हटलं की लोकांना डिमसम दिसलंच पाहिजे. कर्वेनगरातला दहा बाय बाराचा गाळा, दोन बर्नर, एक फ्रीज, हाताखाली एक पोरगा आणि पदार्थ चाळीसच्या घरात. कसं झेपणार बाबा तुला?

तू विचारलंयस की यातलं काय कापू. मी तरी चव हा निकष लावणार नाही, चव तुझ्या हाताला आहे ते मला माहितीये. तुझं गिऱ्हाईक कढईतून खाणार नाहीये, ते डब्यातून खाणार, आणि तेही अर्ध्या-पाऊण तासाने. कर्वे रोडचं ट्रॅफिक, मग रायडर सोसायटीच्या गेटवर एंट्री करत उभा, मग बंद पडलेली लिफ्ट, आणि वर घरात कोणीतरी अजून मीटिंगमध्ये. त्यानंतर जो डबा उघडेल त्यात काय दिसतं, त्याचा वास कसा येतो, तेवढाच तुझा धंदा. म्हणून प्रत्येक पदार्थ कर, डब्यात भर, झाकण लाव, स्कूटरच्या डिकीत टाकून सिंहगड रोडपर्यंत जाऊन ये आणि मग घरी बसून खा. किचनमध्ये उभ्या उभ्या चमच्याने चाखलेलं धरायचंच नाही.

असं केलंस की पॅड थाई पहिल्याच फेरीत बाद होईल बघ. राइस नूडल वाफेत बसली की एकमेकांना चिकटते, मोड आलेले मूग मरगळतात, आणि चाळीस मिनिटांनी डब्याच्या आकाराची वडी निघते. बँकॉकच्या फुटपाथवर ती तव्यावरनं थेट ताटलीत येते म्हणून जमतं. बान्ह मीचंही, म्हणजे व्हिएतनामी सँडविचचंही तेच, कुरकुरीत पाव हाच त्याचा जीव आणि पुण्याच्या पावसाळ्यात बंद पिशवीत पाव काय होतो ते तुला सांगायला नको. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची थाई कोशिंबीर, ठेवायचं असेल तर पपई कोरडी आणि ड्रेसिंग वेगळं, कारण आधी कालवलंस की तिला पाणी सुटतं. फो, म्हणजे व्हिएतनामी नूडल सूप, जमेल, पण सूप एकीकडे, नूडल एकीकडे, आणि सूप एवढं कडकडीत पाहिजे की नूडल त्यात पडल्यावर मऊ व्हायला हवी. तेवढं गरम ते अर्ध्या तासाने राहणार नाही, मग लोक म्हणणार फिकं गरम पाणी पाठवलं. मी तरी उडवेन.

याउलट खाऊ स्वे, बर्मी नूडल-रस्सा. हा पदार्थ जणू डब्यासाठीच जन्माला आलाय. नारळाच्या दुधातला चिकनचा रस्सा, दाटपणाला बेसन, त्यामुळे तो परत गरम केला तरी पटकन फाटत नाही. नूडल वेगळी आणि वर घालायचं सगळं मुळातच सुटं सुटं, तळलेला कांदा, तळलेला लसूण, उकडलेलं अंडं, कोथिंबीर, लिंबाची फोड, तिखटाची पूड, कुरकुरीत शेव-नूडल. खाणाऱ्याने आपल्या मनासारखं जमवायचं. तू फक्त पुड्या नीट बांधायच्या. आणि हा पदार्थ आपल्याकडे फाइव्ह स्टारमधून आलेला नाही बरं का, माणसांबरोबर आलाय. 1962 मध्ये बर्मात ने विनच्या लष्कराने सत्ता घेतली, पुढच्या दोनेक वर्षांत दुकानं-धंदे सरकारजमा झाले, आणि पिढ्यानपिढ्या रंगूनला राहिलेली लाखो भारतीय माणसं हातातलं तेवढं घेऊन परत आली. त्यातल्या तमिळ लोकांनी चेन्नईत बर्मा बाजार उभा केला, आणि त्याच्या आसपास संध्याकाळी अजूनही अथोच्या, म्हणजे कालवलेल्या बर्मी नूडलच्या गाड्या लागतात. कधी गेलास तर तिथे अर्धा तास नुसता उभा राहा. मोठ्या वाडग्यात केशरी नूडल, बारीक कोबी, कच्चा कांदा, तळलेला कांदा, लसणाचं तेल, चिंचेचं पाणी, तिखट, आणि गाडीवाला हातानेच असं काही कालवतो की प्रत्येक नूडलला तेल लागलेलं दिसतं. सोबत केळीच्या खुंटाचं गरम सूप. एक वाडगा कालवायला मिनिटभर पण नाही लागत त्याला, कारण गाडीवर मोजकेच पदार्थ आहेत आणि सगळं हाताशी चिरून ठेवलेलं आहे. तुझ्या चार पानांचं उत्तर त्या गाडीवर आहे.

तर माझ्या मते खाऊ स्वे, एक थाई करी, नासी गोरेंग (इंडोनेशियन परतलेला भात), पॅड क्रापाव (थाई परतलेला चिकनचा खिमा), सोबत साटे (काडीवर भाजलेलं चिकन) किंवा सोम ताम, आणि बास. सहा महिने एवढंच कर.

क्रापाववरनं एक गंमत. मूळ थाई पदार्थात जी पानं पडतात ती आपलीच तुळस, थोडी वेगळ्या वाणाची, पण तुळसच. आता पुण्यात चिकनच्या खिम्यात तुळस घालून विकायची हिंमत करू नकोस, एक रिव्ह्यू आला की संपलं! सब्ज्याची पानं घाल, वास थोडा वेगळा येतो पण छान येतो, आणि मेनूवर सरळ बेसिल लिही. याच्यासोबत भात म्हणशील तर महागडा जास्मिन राइस कशाला, मावळातला इंद्रायणी घे, मऊ, चिकटसर, वासाचा, खिम्याचा रस छान धरतो. पण नासी गोरेंगला इंद्रायणी चुकूनही नको, लगदा होईल, तिथे सुटा होणारा तांदूळ आणि तोही आदल्या दिवशीचा.

आणि आदल्या दिवशीचा म्हणजे रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला नाही. हे मी जरा ओरडून सांगतेय असं समज. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरिअस नावाचा जंतू वाढतो, त्याचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, आणि भात कोमट पडून राहिला की तो जे विष तयार करतो ते नंतर कढईत कितीही परतलंस तरी जात नाही. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तर विचारूच नकोस. भात झाला की मोठ्या ताटांत पातळ पसरायचा, वाफ गेली की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, डब्यावर तारीख. नारळाच्या दुधाचंही तसंच, रोज खोवून ताजं काढायची तुझी कल्पना ऐकायला गोड आहे, पण उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत आंबतं आणि पोरग्याचा निम्मा दिवस त्यातच जातो, त्यापेक्षा सरळ लिटरचा टेट्रापॅक घे.

सामान मार्केट यार्डात एक्झॉटिक भाजीवाल्यांकडे बरंचसं मिळतं. गवती चहाची फक्त पाती घेऊन येऊ नकोस, पेस्टला खालचा पांढरा दांडा लागतो, तो मुळासकट मागून घ्यावा लागतो. गलांगल, म्हणजे आल्यासारखा कंद, ताजंच, काष्ठौषधीच्या दुकानातलं वाळकं कुळिंजन चालत नाही. पेस्ट बाटलीतली वापरणार असशील तर मागचं बारीक अक्षर वाच, बऱ्याच थाई करी पेस्टमध्ये कोळंबीची पेस्ट असते आणि तुझ्या मेनूत ‘व्हेज ग्रीन करी’ लिहिलंय! शाकाहारी माणसाला नकळत कोळंबी खायला घालणं हे मला तरी फसवणुकीपेक्षा कमी वाटत नाही, मुद्दाम केलं नसलं तरी. व्हेजची पेस्ट स्वतः वाट, फिश सॉसच्या जागी सोया, मीठ आणि वाळक्या मशरूमचं पाणी वापर, कढई आणि डाव वेगळे ठेव. शेंगदाणे ज्यात आहेत ते पण ठळक लिही, साटेचा सॉस म्हणजे दाण्याचा कूटच असतो आणि काही मुलांना तो जिवावर बेततो.

आता पैसे. तू म्हणतोस 280 रुपयांना खाऊ स्वे विकला की निम्मे सुटतील. बघ हं, अ‍ॅपचं कमिशन समज 25 टक्के, म्हणजे 70, त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, झाले 83. सामान 95. पॅकिंग, दोन डबे, पुड्या, पिशवी, 25. उरले 77. यातनं भाडं, पगार, गॅस, लाइट. आणि 20 टक्के डिस्काउंटची ऑफर लावलीस की त्या 77 मधले पण निम्मे गेले. म्हणून अ‍ॅप सोडू नकोस, पण त्यावर जगायचं पण नाही, आसपासच्या सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, फोनवर ऑर्डर, स्वतः येऊन नेणाऱ्याला थोडा स्वस्त, हे पहिल्या दिवसापासून. पॅकिंगमध्ये मात्र कंजूषी नको. रस्सा सांडलेल्या डब्याला कोणी चव विचारत नाही. भाताच्या झाकणाला वाफ जायला भोक, रस्सा सीलबंद, तळलेला कांदा कधीच गरम डब्याला टेकवून ठेवायचा नाही. प्लॅस्टिकचे चमचे-काटे 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत, लाकडी घे.

परवान्यांचं फार घाबरू नकोस, एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचा परवाना) आणि शॉप अ‍ॅक्ट, दोन्ही ऑनलाइन होतात. गॅस 19 किलोचा कमर्शियलच, घरचा लाल सिलिंडर गाळ्यात दिसायला नको.

राहिला मुहूर्त. आषाढ संपताना चालू करायचं म्हणतोयस, गटारीची गर्दी मिळेल म्हणून. मिळेल की, आठवडाभर! त्यानंतर श्रावण, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र, निम्म्या घरांत चिकन बंद आणि तुझे पाचातले चार पदार्थ चिकनवर. दिवाळीत विद्यार्थी गावाला जातात आणि उरलेल्यांना फराळ असतो. तेव्हा दिवाळीनंतर उघड, थंडी पडलेली असते, पोरं परतलेली असतात, गरम रस्सा आपोआप मागतात लोक. तोवर गाळामालकाशी भाड्याचं बोलून घे, रंगकाम आणि एक्झॉस्ट बसवायच्या नावाखाली एक महिना तरी माफ करतात ते, फक्त अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घे.

तुझी,
ताई