सेल्फचं बटण कधी लागतं, कधी नाही: अख्खा स्विच बदलायचा का?

तुम्ही लिहिलंय की बाइकच्या सेल्फचं बटण चार-पाचदा दाबल्यावर एकदा लागतं, हॉर्न-लाइट व्यवस्थित आहेत आणि मेकॅनिक हँडलवरचा उजवीकडचा पूर्ण स्विच बदला म्हणतोय. बटणाचं प्लास्टिक तुटलेलं नसेल, तर इतक्यात बदलू नका.

बटण दाबल्यावर सीटखालून किंवा साइड कव्हरच्या आतून 'टक' असा आवाज येतो का? येत असेल तर बटण निर्दोष आहे. ते स्वतः मोटर फिरवत नाही, फक्त रिले (विजेवर चालणारा मोठा स्विच) ओढतं. मोटरचा मोठा करंट रिलेतून जातो. अशा वेळी बॅटरीची टर्मिनलं, रिले आणि खुद्द बॅटरी बघायची. हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरी ठणठणीत, हा समज सोडा. हॉर्नला काही मोजके अँपिअर पुरतात, सेल्फला कितीतरी पट जास्त लागतात.

टक येतच नसेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये, स्टँड वर, क्लच दाबून बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच लिव्हरपाशी आणि साइड स्टँडपाशी छोटे स्विच असतात. त्यातला एक रुसला तरी सेल्फ लागत नाही. स्टँडवाला तर जन्मभर चिखलच खातो. किल स्विचही (इंजिन बंद करायचा हँडलवरचा स्विच) दहा-पंधरा वेळा मागेपुढे करा, कारण त्याला कुणी हात लावत नाही आणि आत थर साचतो.

आता मल्टीमीटर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, स्विचचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवा, बटणाच्या दोन वायरींवर मीटर लावून बटण दाबा. दर वेळी शून्याच्या आसपास ओहम दिसला तर स्विच चांगला. आकडा नाचत असेल तर बटण दाबून धरून हँडलजवळची वायर हलवा. वायर हलवल्यावरच आकडा बदलला, तर तार आवरणाच्या आत तुटलीय. हँडल वळून वळून हे फार होतं, आणि भुर्दंड मात्र स्विचला बसतो. तेवढा तुकडा कापून, सोल्डर करून, वर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) चढवली की झालं.

वायर ठीक असेल, तर स्विच खोला. खालचे स्क्रू घट्ट बसलेले असतात. अचूक मापाचा स्क्रूड्रायव्हर नीट दाबून वापरा, नाहीतर खाच उडते. बटण मोठ्या प्लास्टिक पिशवीत हात घालून उघडा, आतली स्प्रिंग उडाली की सापडत नाही. संपर्काच्या पट्ट्या काळ्या किंवा हिरवट झाल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. पेट्रोल नको. पट्टी जळून खड्डा पडला असेल किंवा प्लास्टिक वितळलं असेल, तरच नवा स्विच घ्या.

नवा घेताना कपलर बसतो एवढ्यावर जाऊ नका. पिनांचा क्रम जुन्याशी जुळतो का बघा. स्विचच्या आतली छोटी खुंटी हँडलच्या भोकात बसायला हवी. ती घासून काढली तर स्विच हँडलवर फिरत राहतो. उजवीकडच्या स्विचमधूनच अॅक्सिलरेटरची केबल जात असेल, तर जोडल्यावर मूठ सोडताच झटकन मागे येते का तपासा. मग इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवा. आरपीएम वाढला तर केबल कुठेतरी ताणली जातेय, पुन्हा खोला.