बटण सोडलंच नाही तर?

गेल्या अंकात मी गाडीतल्या कंट्रोलरचं (काच, मोटर वगैरे चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं) सॉफ्टवेअर हाताने न लिहिता मॉडेलवरून, म्हणजे ते कसं वागेल हे दाखवणाऱ्या आकृतीवरून, कसं तयार करतात, याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेते आहे. पुण्यात २३ वर्षं मी हेच काम केलं. अनुभव सगळे माझे आहेत, पण जिथे चुका झाल्या त्या कंपन्यांची नावं लिहीत नाही.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही प्रोजेक्टचा कोड लिहून झाला की सबमिशनच्या आदल्या रात्री यूएमएलच्या (सॉफ्टवेअरची रचना ठरलेल्या चिन्हांत दाखवणाऱ्या) आकृत्या काढतो. मग तुम्ही म्हणता ते ‘चालणारं मॉडेल’ म्हणजे काय? चित्र कसं चालेल? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तुमच्या आकृत्या कोडच्या मागून येतात. त्यातला एखादा बाण चुकला तरी कुणाचं काही अडत नाही, म्हणून त्या कुणी नीट वाचतही नाही. चालणाऱ्या मॉडेलमध्ये प्रत्येक बाणाला एकच ठरलेला अर्थ असतो : कोणती घटना घडली की कुठून कुठे जायचं, दोन घटना एकदम आल्या तर आधी कोणती. अर्थ इतका पक्का असला की संगणक ते चित्र पायरीपायरीने चालवू शकतो, कोडची एकही ओळ लिहिण्याआधी.

ही कल्पना जुनी आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड हॅरेल इस्रायलमध्ये लढाऊ विमानाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना मदत करत होते, तेव्हा त्यांना ‘स्टेटचार्ट’ सुचलं : यंत्राच्या स्थिती आणि त्यांच्यामधले बाण दाखवणारी आकृती. १९८७ मध्ये त्यांचा त्यावरचा निबंध छापून आला. आज स्टेटफ्लो या टूलमध्ये आम्ही जे काढतो, त्याचं मूळ तिथे आहे. यूएमएल १९९७ मध्ये प्रमाणित झालं, पण त्यातला कोणता भाग चालवता येतो आणि नेमका कसा, हे सांगणारं एफयूएमएल यायला २०११ उजाडलं. तोवर यूएमएल बहुतेकांनी तुमच्यासारखंच वापरलं, म्हणून ‘मॉडेल म्हणजे कागदी काम’ हा समज इतका घट्ट बसला आहे.

आता खरी गोष्ट सांगते. गाडीच्या पॉवर विंडोचं काम होतं. बटण दाबलं की काच वर जाते. मध्ये हात आला तर मोटरचा वेग पडतो, कंट्रोलर ते ओळखतो आणि काच उलटी खाली आणतो. स्पेक, म्हणजे काच कशी वागावी हे सांगणारा दस्तऐवज, ४२ पानांचं होतं आणि आम्ही चौघांनी ते वाचून सह्या केल्या होत्या. मी त्याचं मॉडेल केलं, चार स्टेटचं (स्थितींचं) : थांबलेली, वर, खाली, अडथळा. स्क्रीनवर एक बटण ठेवलं आणि हात मध्ये आणायला एक सरकपट्टी.

आमच्याकडे टेस्ट गाड्यांचं वायरिंग बघणारे एक जुने इलेक्ट्रिशियन होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना बोलावलं. त्यांनी माऊसने बटण दाबलं, हात मध्ये आणला, काच खाली आली. मी खूश झाले. मामांनी परत तेच केलं, पण या वेळी माऊस दाबूनच ठेवला. काच खाली आली, थांबली आणि सरळ पुन्हा वर, त्याच हातावर.

मामा म्हणाले, “मागच्या सीटवर पोरगं बसलंय. त्यानं बटण सोडलंच नाही तर?”

‘थांबलेली’वरून ‘वर’ जाणाऱ्या बाणावर मी ‘बटण दाबलेलं आहे’ अशी अट लिहिली होती. तिथे हवी होती ‘बटण आत्ता दाबलं गेलं’ ही घटना. त्यात आम्ही एक स्टेट वाढवली : ‘बटण सुटायची वाट’. हात अडकल्यावर बटण एकदा सुटल्याशिवाय काच वर जाणारच नाही. एका दिवसाचं काम. कंट्रोलरचा खरा बोर्ड आमच्या हातात आला तो त्यानंतर नऊ आठवड्यांनी.

आमच्या क्षेत्रात मॉडेलचा गाजावाजा होतो तो कोड आपोआप तयार होतो म्हणून. माझ्या मते ती दुय्यम गोष्ट आहे. मामांना सी भाषा येत नव्हती आणि ४२ पानं त्यांनी वाचली नसती. पण चालणारी काच त्यांना दिसली आणि आम्हा चौघांच्या सह्यांमधून निसटलेली चूक त्यांनी दोन मिनिटांत पकडली. तू कोडच्या आधी एखाद्या लिफ्टचं मॉडेल कर आणि ते सोसायटीच्या लिफ्टमनला चालवायला दे. तो काय विचारतो ते लिहून ठेव.

प्रश्न : आमच्या टीममध्ये सिम्युलिंक या मॉडेल करायच्या टूलवरून सी कोड जनरेट होतो. पण डिलिव्हरीच्या घाईत मुलं जनरेट झालेल्या फाइलमध्येच हाताने बदल करतात आणि ‘मॉडेलमध्ये नंतर घालू’ म्हणतात. किती कडक राहावं? – टीम लीड, हिंजवडी

उत्तर : पूर्ण कडक राहा. या एका बाबतीत मी पुन्हा कधीच सूट दिली नाही, कारण एकदा दिली होती.

रात्री साडेअकरा वाजले होते, सकाळी सॉफ्टवेअर पाठवायचं होतं. एक विलंब २० मिलिसेकंदांचा होता, तो ५० हवा होता. सहकाऱ्याने जनरेट झालेल्या फाइलमध्ये आकडा बदलला. मी शेजारीच उभी होते आणि मी हो म्हटलं. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कारणासाठी कोणीतरी मॉडेलवरून कोड पुन्हा जनरेट केला. ५० चे परत २० झाले. आम्ही बंद केलेला दोष ग्राहकाच्या टेस्ट ट्रॅकवर पुन्हा उभा राहिला, आणि त्यांनी विचारलेल्या “हा तर तुम्ही सोडवला होता ना?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एकदा हात लावला की मॉडेल आणि कोड या दोन गोष्टी होतात, आणि गाडी धावते ती कोडवर. मग मॉडेल उघडायलाच लोक कचरतात. सहा महिन्यांत ते मेलेलं असतं. त्यानंतर आम्ही जनरेट झालेल्या फाइल रिपॉझिटरीत (टीमच्या सामाईक साठ्यात) ठेवणंच बंद केलं. प्रत्येक बिल्डमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने बांधताना, कोड मॉडेलवरून नव्याने तयार व्हायचा. हाताने केलेला बदल पुढच्या बिल्डपलीकडे टिकायचाच नाही, त्यामुळे कोणी करेनासं झालं. पाठवलेल्या प्रत्येक आवृत्तीचा कोड मात्र जनरेटरच्या (कोड तयार करणाऱ्या टूलच्या) आवृत्तीसकट वेगळा जपून ठेवा. दहा वर्षांनी सुट्या भागासाठी तो लागतो, आणि तेव्हा जुनं टूल कोणाच्या संगणकावर नसतं.

तुमची मुलं घाईत का करतात, तेही बघा. आमच्याकडे मॉडेल बदलून नवा कोड मिळायला ४० मिनिटं लागायची. फाइल बदलायला एक. आम्ही मॉडेलचे तुकडे केले आणि तो वेळ सहा मिनिटांवर आणला. माझ्या दटावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

प्रश्न : दोघांनी एकच मॉडेल बदललं की दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना जीव जातो. उपाय? – स्टुटगार्टहून एक वाचक

उत्तर : मर्ज करायची वेळच येऊ नये, हाच. टूलमध्ये तुलना करायची सोय असते, पण दोन चित्रं एकत्र करताना बाण कुठे जोडला गेला हे डोळ्यांनीच तपासावं लागतं. मॉडेल छोट्या फाइलींत तोडा, प्रत्येक फाइलचा एकच मालक ठरवा, आणि दुसऱ्याला बदल हवा असेल तर त्याने मालकाकडे जायचं. सिग्नलची (मॉडेलच्या भागांमध्ये फिरणाऱ्या आकड्यांची) नावं आणि टाइप (आकड्याला किती जागा) एका वेगळ्या सामाईक फाइलमध्ये ठेवा. आमच्याकडची बहुतेक भांडणं तिथेच होती.

प्रश्न : मी टेस्टिंगला आहे. मॉडेल पास होतं, कोडही टूलने तयार केलेला. मग तीच टेस्ट बोर्डवर परत करायला मॅनेजर वेळ देत नाहीत. त्यांना काय सांगू? – छत्रपती संभाजीनगर

उत्तर : त्यांना हा हिशोब दाखवा. मॉडेल लॅपटॉपवर चालतं, तिथे सगळे आकडे ‘डबल’मध्ये असतात, म्हणजे हवे तेवढे मोठे. आमचा कंट्रोलर १६ बिटांचा होता. बॅटरीचा व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, म्हणजे १४,०००. त्याला ड्यूटी सायकलच्या (मोटरचा पुरवठा किती टक्के वेळ चालू, त्या आकड्याच्या) १०० ने गुणायचं आणि मग १०० ने भागायचं. गुणाकार होतो १४,००,०००. पण चिन्ह नसलेल्या १६ बिटांत ६५,५३५ च्या पुढे आकडा मावत नाही, तो फिरून परत शून्यापासून मोजू लागतो. २१ वेळा फिरला आणि उरले २३,७४४. भागिले १००, उत्तर २३७. लॅपटॉपवर १४ व्होल्ट, बोर्डवर पाव व्होल्टपेक्षाही कमी. कंट्रोलरला वाटलं बॅटरी मेली, त्याने मोटर बंद केली.

यात जनरेटर चुकला नव्हता. मधल्या गुणाकाराचा टाइप आम्ही १६ बिट ठेवला होता, आणि तोही मॉडेलच्या टेस्ट संपल्यावर. खरे टाइप आधी टाकून मग मॉडेल चालवलं असतं, तर सिम्युलेशननेच इशारा दिला असता. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं, तेही असंच न मावणाऱ्या आकड्यामुळे : ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना. तो कोड एरियान ४ मधून जसाच्या तसा आणला होता, आणि तिथे तो व्यवस्थित चालत होता.

म्हणून तेच इनपुट आधी मॉडेलला, मग संगणकावर कंपाइल केलेल्या कोडला, मग खऱ्या प्रोसेसरला द्यायचे आणि तिन्ही उत्तरं शेजारीशेजारी ठेवायची. मॉडेलच्या टेस्ट तुमच्याकडे तयारच आहेत, त्या फक्त पुन्हा चालवायच्या. तुमच्या मॅनेजरना आयएसओ २६२६२ हे प्रमाणही दाखवा. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षिततेचं हे प्रमाण मॉडेल आणि कोड यांची अशी तुलना करण्याची शिफारस करतं.

प्रश्न : आमची सहा जणांची कंपनी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करते. व्याजाचे नियम सतत बदलतात आणि प्रत्येक वेळी कोड बदलावा लागतो. आम्ही यूएमएल आणि जनरेटर घ्यावा का? – कोल्हापूर

उत्तर : नको. तुमच्या धंद्यात बदलतात ते नियम, तेव्हा तेवढ्यांचंच मॉडेल करा.

मोठ्या प्रमाणावर पूर्ण व्यवहाराचं मॉडेल करून त्यावरून सॉफ्टवेअर तयार करता येतं. पुण्यातच टीसीएसच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात ‘मास्टरक्राफ्ट’ हे साधन त्याच विचाराने घडलं. पण असं साधन सांभाळायला कायमची माणसं लागतात. सहा जणांपैकी एक जण जनरेटर लिहिणार आणि तो नोकरी सोडून गेला की बाकीचे पाच अडकणार. हे मी एका छोट्या कंपनीत पाहिलं आहे, तिथे शेवटी सगळं हाताने पुन्हा लिहावं लागलं. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी मॉडेलवरून सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांतल्या लोकांशी बोलून अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही दिसलं की जिथे हे टिकलं तिथे बहुधा एका अरुंद, नीट माहीत असलेल्या कामापुरती छोटी भाषा (नियम लिहायची ठरलेली पद्धत) केलेली होती. नेदरलँड्सच्या कर खात्याने कराच्या नियमांसाठी तसंच केलं आहे.

तुमची छोटी भाषा म्हणजे तक्ता. एका ओळीत एक नियम : ठेवीचा प्रकार, मुदत, ठेवीदाराचं वय, सभासद की कर्मचारी, आणि शेवटी दर. तुमचा प्रोग्रॅम तो तक्ता थेट वाचतो आणि चालवतो. संचालक मंडळाने दर बदलला की पतसंस्थेचे मॅनेजर ओळ बदलतात, तुम्ही कोडला हात लावत नाही. असे तक्ते कसे लिहायचे यासाठी डीएमएन नावाचं प्रमाणही आहे, वापरायला सोपं आहे.

तक्ता चालवण्याआधी तो तपासणारा छोटा प्रोग्रॅम मात्र आधी लिहा. त्याने दोनच गोष्टी शोधायच्या : कोणत्या ठेवीदाराला एकही ओळ लागत नाही, आणि कोणाला दोन लागतात. मी एका ओळखीच्या संस्थेसाठी हे करून पाहिलं. एका ओळीत ‘वय ६० पेक्षा जास्त’ होतं, दुसरीत ‘६० पेक्षा कमी’. ज्याला नेमकी साठ पूर्ण झाली त्याला व्याजच नव्हतं. जी कर्मचारीही होती आणि ज्येष्ठ नागरिकही, तिला दोन ओळी लागत होत्या, आणि जुन्या कोडमध्ये जी आधी लिहिली होती ती लागू व्हायची. नियम नेमका काय आहे, हे मॅनेजरनाही सांगता येईना. त्यांनी तो प्रश्न पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत ठेवला. तुमचा जुना कोड बाजूला घ्या आणि आधी हा साठीचा ठेवीदार त्यातून चालवून बघा.