घाटावरची मगर आणि चुरमुऱ्यांची पिशवी

गेल्या अंकात आम्ही चार चौकटींची एक चित्रकथा छापली होती. एक आजोबा रोज सायंकाळी नदीच्या घाटावर बसून माशांना चुरमुरे टाकतात. दुसऱ्या चौकटीत मासे दुपटीने मोठे झालेले दिसतात. तिसरीत माशांच्या जागी मगर डोके वर काढते आणि आजोबा तिलाही तितक्याच प्रेमाने मूठभर चुरमुरे टाकतात. चौथीत आजोबा कुठेच नाहीत. पायरीवर त्यांच्या वहाणा पडलेल्या आहेत आणि मगर त्यांचा चष्मा लावून, त्यांच्याच पिशवीतले चुरमुरे पाण्यात टाकत बसली आहे. या चित्रावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

आमच्या भागात कृष्णेतल्या मगरींनी माणसे नेली आहेत. पाणी उपसणाऱ्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हमधला (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाच्या झडपेतला) गाळ काढायला कोणी पाण्यात उतरले, की आजही दुसरा माणूस काठी घेऊन काठावर उभा राहतो. ज्याने घरे उद्ध्वस्त झाली, त्यावर हसायचे कसे? — एक वाचक, भिलवडी परिसर

ज्यांच्या घरातले माणूस असे गेले आहे, त्यांना हे चित्र बघवणार नाही, आणि त्यांनी ते समजून घ्यावे असा आग्रह धरण्याचा अधिकार आम्हाला नाही. तरीही हे चित्र छापण्याजोगे का वाटले, हे आपल्याला सांगणे आमचे कर्तव्य आहे. नदीत पोहणारी मुले, धुणे धुणाऱ्या बाया, मोटार बघायला गेलेला शेतकरी, यांपैकी कोणीही मगरीला खाऊ घातले नव्हते. ते आपापल्या कामासाठी पाण्याशी गेले होते. चित्रातल्या आजोबांची गोष्ट वेगळी आहे. आपल्या हातून कोणाचे पोट भरते आहे, हे त्यांनी एकदाही नीट पाहिले नाही. चित्रकाराचा रोख त्या न पाहण्यावर आहे.

आणि कृष्णाकाठी असे आजोबा खरोखर आहेत, फक्त त्यांच्या हातात चुरमुऱ्यांची पिशवी नसते. मेलेल्या कोंबड्यांचे पोते रात्री पुलावरून पाण्यात सोडणारा, मटणाच्या दुकानातली आतडी नदीत टाकणारा, मेलेले वासरू पुरण्याचा त्रास नको म्हणून पात्रात ढकलणारा, हे सगळे मगरीला खाऊच घालत असतात. मगर मासे, कासवे, पाणपक्षी आणि काठावर आलेली जनावरे यांवर जगते. थंड रक्ताचा प्राणी असल्याने ती अन्नावाचून बरेच दिवस काढू शकते, आणि भक्ष्यामागे दूरवर धावण्यापेक्षा पाण्याच्या कडेला दबा धरून बसणे तिच्या स्वभावाला धरून आहे. अशा प्राण्याला एकाच जागी पुन्हा पुन्हा आयते मांस मिळू लागले, की ती जागा तो सोडत नाही. आणि ती जागा बहुधा गावाच्या पुलाखाली किंवा घाटाजवळ असते, कारण टाकणाऱ्यालाही तीच सोयीची वाटते. पोते टाकणारा घरी निघून जातो आणि सकाळी त्याच पाण्यात दुसऱ्याच कोणाला तरी उतरावे लागते. आमच्या मते चित्रात एक गोष्ट राहून गेली: आजोबांच्या शेजारी कळशी घेऊन उभी असलेली बाई त्यात हवी होती.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मगरीची मादी काठावर खड्डा करून अंडी घालते, पुढे सुमारे दोन महिने ती त्या जागेच्या आसपास राहते आणि कोणी जवळ आले तर चवताळते. नेमके याच दिवसांत पाणी आटून पात्र अरुंद झालेले असते, त्यामुळे माणसे, गुरे आणि मगरी एकमेकांच्या अधिक जवळ येतात. निदान या महिन्यांत तरी नदीत मांसाचा तुकडाही पडता कामा नये, यावर ग्रामसभेत बोलणे व्हायला हवे.

आमच्याकडे गोग्रास काढल्याशिवाय पान वाढत नाहीत. या चित्रात भूतदयेचीच चेष्टा केली आहे, असे मला वाटले. — एक निवृत्त शिक्षिका, सातारा

गोग्रास हा घास आहे, आणि हे माप ठरवणाऱ्यांना गाईच्या पोटाची चांगली जाण असावी. लग्नकार्य आटोपल्यावर उरलेला भात, पुरणपोळ्या आणि जिलबी गाईपुढे घमेल्याने ओतली जाते, तेव्हा काय होते ते कोणत्याही पशुवैद्यकाला विचारावे. गाईच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव चारा पचवण्यासाठी असतात. शिजलेले पिठूळ आणि गोड अन्न एकदम भरपूर आत गेले, की तेथे आम्ल झपाट्याने वाढते, रवंथ थांबतो, डावी कूस फुगते आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर जनावर दगावते. त्यातही अन्न गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून ठेवले असेल, तर गाय गाठ सोडत बसत नाही, पिशवीसकट गिळते. आपला घास आपण जरूर काढावा. उरलेल्या पातेल्यांसाठी मात्र गाय हे ठिकाण नव्हे.

नागपंचमीला नागाला दूध पाजण्याबद्दल आपले काय मत आहे? — एक वाचक, शिराळा

नाग मांसाहारी आहे. उंदीर, बेडूक, दुसरे साप हे त्याचे अन्न. दूध त्याला पचत नाही. अनेक दिवस उपाशी आणि तहानलेला ठेवलेला नाग पुढे येईल ते ओले पितो, एवढाच त्याच्या दूध पिण्याचा अर्थ आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार त्याला विनापरवाना पकडणेही गुन्हा आहे. मातीच्या नागाची पूजा आपल्याकडे पूर्वापार घरोघरी होत आली आहे आणि तिला कोणाचीच हरकत नाही.

चित्र पाहून माझी मुलगी घाबरली आहे. पसरणी घाटातल्या माकडांना आता खायला द्यायचे की नाही, असे ती विचारते. — एक आई, वाई

देऊ नये, असे तिला सांगावे, आणि कारणही सांगावे, कारण नुसत्या भीतीने मुले दगड मारायला शिकतात. त्या घाटात माकडे कठड्यावर ओळीने बसलेली असतात. गाडीचा वेग कमी झाला की ती उठतात, काच खाली सरकताच रस्त्यावर येतात. पोटाला पिल्लू घट्ट धरलेली मादी वळणावर एका केळ्यासाठी धावते, तेव्हा समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला ती दिसेलच असे नाही. माकडाच्या गालांत पिशव्या असतात; मिळेल ते त्यांत कोंबून घ्यायचे आणि नंतर निवांत खायचे, ही त्याची रीत आहे, त्यामुळे त्याचे पोट भरले म्हणून ते थांबेल ही अपेक्षा व्यर्थ आहे. पिल्लू आईकडे पाहून शिकते, आणि काच वाजवली की वेफर मिळतात एवढे शिकलेले पिल्लू उद्या मुलांच्या हातातली पिशवी ओढणारच. गाडी न थांबवता काचेतून माकडे बघण्यात पुष्कळ आनंद आहे. मुलीला पिल्लू कोणाच्या पाठीवर आहे आणि कोणाच्या पोटाशी, हे मोजायला सांगा.

घाटाजवळ मगर वारंवार दिसते आहे. कळवायचे कोठे? — एक वाचक, अंकलखोप

वन विभागाच्या 1926 या निःशुल्क क्रमांकावर कळवावे आणि मगर कोणत्या काठाला, किती वाजता दिसली हे नेमके सांगावे. तिला दगड मारू नयेत, आणि छायाचित्रासाठी कोंबडी टाकून बाहेर बोलावण्याचा प्रकार कोणी करत असेल तर तेही त्याच फोनवर सांगावे.