चाळिशीनंतर योगशिक्षक होता येतं का?

तुम्ही विचारलंय की व्यायामाची कधीच आवड नसलेल्या, अंग न वळणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसाला चाळिशीनंतर योगशिक्षक होता येतं का, आणि कुणी झालं असेल तर त्याची सुरुवात कशी झाली. होता येतं. मी झाले. कोल्हापुरातच राहते आणि आता सकाळ-संध्याकाळ वर्ग घेते.

मला योगाकडे आणलं ते दम्यानं. इथला पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. भिंतींना ओल, कपडे वाळता वाळत नाहीत, कपाट उघडलं की बुरशीचा वास. त्या महिन्यांत मी उशाला पंप ठेवून बसल्या बसल्याच झोपायची. दिवसा उद्यमनगरात एका मशीनशॉपचे हिशेब बघायचे, तिथं धूळ वेगळीच.

वर्ग खरं तर सासूबाईंसाठी होता, त्यांच्या गुडघ्यांसाठी. त्यांना गाडीवरून पेठेतल्या एका शाळेच्या हॉलवर सोडायचं आणि तास संपेपर्यंत मागच्या बाकावर बसायचं, एवढंच माझं काम. शिकवणारे सर निवृत्त पीटी शिक्षक, लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत शिकून आलेले. एका पावसाळी सकाळी माझी घरघर त्यांना पुढपर्यंत ऐकू गेली. जवळ येऊन म्हणाले, "वहिनी, घ्यायला कशाला धडपडताय? आत भरलेला हाय की. आधी सोडा तो."

इतकी वर्षं मला वाटायचं, आपल्याला श्वास घेता येत नाही. दम्यात श्वासनलिका आकसतात आणि खरी अडचण होते ती हवा बाहेर काढताना. जुनी हवा आत अडकून राहते, त्यावर आपण आणखी ओढत राहतो, खांदे कानापर्यंत चढतात, मानेच्या शिरा ताठ होतात. सरांनी मला खुर्चीसमोर मांडी घालून बसवलं, खुर्चीवर घोंगडीची घडी ठेवली, तिच्यावर हाताची घडी आणि हातांवर कपाळ. मग म्हणाले, तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडा, ताणून नाही, जमेल तेवढाच. थोड्या वेळानं पाठीत, खांद्याच्या फऱ्यांच्या खाली, काहीतरी हललं. बरगड्या होत्या त्या. श्वास पाठीतही जातो हे मला तोवर माहीतच नव्हतं.

त्याच आठवड्यात मी बाकावरून सतरंजीवर आले.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण हे वाचणाऱ्यांत कुणीतरी दम्याचं असणारच. माझी औषधं डॉक्टरांनी कमी केली, मी किंवा सरांनी नाही. पंप आजही पर्समध्ये असतो. धाप लागली की आधी पंप, आसन-बिसन नंतर. योगानं दमा 'मुळापासून' जातो असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या.

आवड नंतर लागली, आणि ती वाचनातून जास्त. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राणही, म्हणजे श्वासही. घाई केली तर तो साधकालाच मारतो. माझ्यासारख्या दमेकरी बाईला हे अगदी आतून पटलं. कैवल्यधाम 1924 साली काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली (पोट आत ओढण्याच्या आणि घुसळण्याच्या क्रिया) करताना पोटातला दाब कसा बदलतो हे उपकरणं लावून मोजलं होतं, हे कळल्यावर तर माझ्यातली हिशेबनीस खूश झाली. आणि प्रसिद्ध योगगुरू बी. के. एस. अय्यंगार लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा आजारांनी पार खंगलेले होते, हे वाचल्यावर दुखणाईत माणसानं या वाटेला जावं की नाही ही शंकाच मिटली.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका नोकरी सांभाळून करता येते. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत, त्यात सुरुवातीची एक पायरी योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टरची. यातल्या कुठेही वय आड आलं नाही. पैशाचं मात्र आधी बघा. वर्गाच्या फीवर सुरुवातीला घर चालत नाही. मी बरेच दिवस हिशेबाचं काम अर्धवेळ चालू ठेवलं होतं.

शिकवताना खरी कसोटी लागली ती एका तालमीतल्या पोरामुळे. कोल्हापूरच ते, जोर-बैठका मारणारी पोरं इथं गल्लोगल्ली. मांड्या खांबासारख्या, पण पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, त्याचे हात गुडघ्यांच्या पुढे जाईनात. रागानं तो हिसके देऊ लागला. मी त्याच्याच टॉवेलचा फास पावलांत अडकवला, दोन्ही टोकं त्याच्या हातात दिली, बुडाखाली घोंगडीची घडी सारली आणि म्हटलं, "बाळा, वाकू नकोस. पाठ लांब कर आणि श्वास सोड." तो दात-ओठ खाऊन श्वास कोंडून बसला होता, अगदी मी बसायची तसाच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून थांबले. श्वास सुटला तशी कंबर आपोआप थोडी पुढे आली. त्याला म्हणाले, आज इथंच थांबायचं. अंगात जन्मापासून लवचीकपणा असलेल्या माणसाला त्या पोराचं अडणं इतक्या लवकर दिसलं असतं का, मला शंका आहे. म्हणून तुम्ही 'आवड नव्हती, अंग वळत नाही' असं लिहिलंय ते मला कमतरता वाटतच नाही.

आता तुमच्यासाठी. कोर्सची फी भरायच्या आधी निदान एक वर्ष साधा विद्यार्थी म्हणून एकाच शिक्षकाकडे जा. शिक्षक निवडताना त्याची स्वतःची आसनं बघू नका, तो वर्गात कुणाकडे बघतो ते बघा. आणि पहिल्याच दिवशी विचारा: बीपी असलेल्याला, पाळी चालू असलेल्या बाईला, मणक्याचं दुखणं असलेल्याला तुम्ही काय बदलून देता? 'सगळ्यांना सारखंच' असं उत्तर आलं तर दुसरा वर्ग शोधा.